दुसरी साष्टी : मुंबई परिसरातील काही विस्मृत स्थाने

सासष्टी म्हणजे काय, हे गोमंतकातील जाणत्या गृहस्थास सांगावे लागत नाही. सहासष्ट गावांचा तो महाल, आणि आज अंत्रुजात नांदणाऱ्या कित्येक देवतांचे ते मूळ स्थान. आपल्या कुळाचे नाव सांगताना आपण अद्यापही त्या गावांचा उच्चार करतो. परंतु त्याच संख्येवरून नाव पडलेला, त्याच परकी सत्तेखाली गेलेला आणि जवळजवळ तेच दुःख भोगलेला आणखी एक प्रदेश कोकणच्या उत्तर टोकाला आहे, याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असते. शिलाहारांच्या लेखांत त्याचा उल्लेख 'षट्षष्टि विषय' असा येतो. लोकांनी त्याचे साष्टी केले आणि पोर्तुगीजांनी आपल्या सासष्टीप्रमाणेच त्यालाही 'साल्सेत' म्हटले. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत पसरलेले हे बेट आज मुंबई महानगराच्या पोटात गडप झाले आहे. अंधेरी, मालाड, बोरिवली, ठाणे ही नावे आता लोकलच्या स्थानकांची म्हणून जिभेवर येतात. ती मुळात साष्टीतल्या गावांची आहेत, हे रोज ये-जा करणाऱ्यांच्याही ध्यानात नसते.

पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेल्या गोमंतकीयांच्या तीन-चार पिढ्या या साष्टीत राहिल्या. गावी जत्रेला आले की मूळ स्थानाची आठवण काढून ते हळहळतात, आणि मुंबईस परतल्यावर तशाच एका उद्ध्वस्त स्थानापासून हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड करून राहतात. या स्थानांपैकी काहींचा परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. एलिफंटा आणि गेटवे पाहून मुंबई पाहिली असे मानणाऱ्यांना तो उपयोगी पडावा.

दोन्ही साष्ट्यांचे भवितव्य एकाच शतकात ठरले. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तह करून वसई प्रांत पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि त्याबरोबर उत्तरेची साष्टी व मुंबई बेटे गेली. आपली सासष्टी व बारदेश १५४३ साली गेले. पुढे दोन्हीकडे एकच क्रम झाला. प्रथम महसूल घेतला गेला, मागाहून धर्मगुरू आले, आणि शेवटी देवळे पडली. रायतूरच्या कप्तानाने १५६७च्या सुमारास सासष्टीतली देवळे जमीनदोस्त केल्याची हकीगत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र त्याआधी आणि त्या धामधुमीत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास गेला. देव गेले ते पायांनी गेले नाहीत. त्यांना उचलून नेणारी माणसे होती, आणि नदीपलीकडे त्यांना ठेवून घेणारे राज्य होते.

उत्तरेच्या साष्टीत ही पलीकडची बाजूच फारशी उपलब्ध नव्हती. तिन्ही अंगांनी खाडी, चवथीकडे समुद्र, आणि खाडीपलीकडे वसईचा कोट. शिवाय तेथील पुष्कळशी मोठी देवस्थाने डोंगरात कोरलेली होती. मूर्ती पालखीत घालून रात्रीतून होडीने नेता येते, लेणे नेता येत नाही. या दोन साष्ट्यांच्या इतिहासातला हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो समजून घ्यायचा तर बोरिवलीच्या मंडपेश्वरापर्यंत जावे लागते.

मंडपेश्वर हे बोरिवलीच्या पश्चिमेस, वस्तीच्या मधोमध असलेले शैव लेणे. त्याच्या पुढ्यातून वाहता रस्ता जातो. भव्य स्तंभ, गाभाऱ्यात शिवलिंग, एका दालनात नृत्यमग्न शिवाचे मोठे शिल्प असा त्याचा थाट. १५४०च्या दशकात फ्रान्सिस्कन पंथाचा पाद्री आंतोनियू दो पोर्तू याने हे लेणे ताब्यात घेऊन त्याचे चर्च केले आणि वरच्या कातळावर मठ व विद्यालय उभारले. त्या विद्यालयाचे भग्नावशेष लेण्याच्या माथ्यावर आजही उभे आहेत. खाली एका भिंतीवर, जेथे पूर्वी शिल्प होते तेथे, कातळातच कोरलेला मोठा क्रूस दिसतो. काही शिल्पे फोडली गेली, काही मात्र भिंतीआड बुजविली गेली. जी बुजविली गेली ती वाचली. नाचणाऱ्या शिवाला पोर्तुगीजांच्या चुन्यानेच अभय दिले, असे म्हणावे लागते. मराठ्यांनी साष्टी घेतल्यावर येथे पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज हे स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि महादेवाच्या दर्शनास लोक येतात. एकाच कातळात शिवालय, चर्च आणि पुन्हा शिवालय असा तीन थरांचा इतिहास वाचायला मिळेल असे स्थान गोमंतकातही सहसा आढळत नाही, कारण आपल्याकडे मूळ जागी बहुधा दगडही शिल्लक ठेवला गेला नाही.

गंमत अशी की, या उत्तर साष्टीची आणि तिच्या आसपासची प्राचीन वास्तू जगाला प्रथम कळली ती गोव्याशी निगडित असलेल्या लेखकांकडून. पुढे गोव्याचा व्हिसरेय झालेला दों जुआंव द काश्त्रू १५३८-३९च्या सुमारास दीवच्या वाटेवर असता घारापुरी व कान्हेरी पाहून गेला आणि त्याने आपल्या प्रवासवृत्तात त्यांची वर्णने लिहिली. गोव्यात वैद्यकी करणारा गार्सिया द ओर्ता याला तर मुंबई बेटच खंडाने मिळाले होते. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात त्याने घारापुरीच्या लेण्याचा उल्लेख केला आहे. वनस्पतींवरच्या ग्रंथात लेण्यांचे काय काम, असा प्रश्न त्याला पडला नाही, हे आपले भाग्य. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून गोव्यात जाळल्या. तो मुळात ज्यू होता, हा त्याचा अपराध. देवळे पाडणारी आणि ओर्ताच्या अस्थी जाळणारी यंत्रणा एकच होती.

तिसरा दियोगू दो कोतू. हा गोव्यातील राज्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख. घारापुरीच्या प्रवेशद्वारावर एक कोरीव लेखाची शिला होती, ती पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे लिस्बनला पाठविली, आणि तेथे ती कोणालाच वाचता आली नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. ती शिला पुढे नाहीशी झाली. घारापुरीचे महान लेणे कोणी खोदविले, याविषयी विद्वान आजही शैलीवरून आणि नाण्यांवरून तर्क लढवितात. वाचता येत नाही म्हणून उचलून नेलेला तो एक दगड जागेवर राहिला असता, तर त्या वादाला कदाचित आधार सापडला असता. असा दगड हरवणे हे मूर्ती फुटण्याहून लहान नुकसान आहे, असे मला वाटत नाही. मूर्ती पुन्हा घडविता येते.

घारापुरीच्या नावाला कारण झालेला दगडी हत्ती मात्र आज मुंबईतच आहे, आणि तेथेही आपला एक माणूस शेजारी आहे. हा हत्ती बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोसळला. पुढे तो विलायतेस नेण्याचा प्रयत्न फसला, आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून त्याचे तुकडे विसाव्या शतकाच्या आरंभी जोडले गेले. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या अंगणात तो उभा आहे, त्याला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. भाऊ दाजी हे पेडणे महालातील मांद्र्याचे. धन्वंतरी म्हणून त्यांची ख्याती होतीच, पण ताम्रपट व शिलालेख वाचण्याचे वेड त्यांना अधिक होते. अंबरनाथच्या शिवालयातील लेखाचे वाचन प्रथम त्यांनी केले. लेखातील शकाचा पहिला आकडा त्यांनी सात असा वाचला. त्यांच्याच छत्राखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो नऊ असल्याचे दाखविले, आणि शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ निश्चित झाला. शिलाहार मुम्मुणीचा तो काळ. गुरूचे वाचन शिष्याने दुरुस्त केले, पण दोघांपैकी कोणाच्याही लौकिकास त्याने बाध आला नाही. आपल्या संस्थांतील वादांची आठवण ठेवून हे येथे मुद्दाम लिहिले आहे. याच भगवानलालांनी १८८२ साली नालासोपाऱ्याजवळचा स्तूप उकलला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा शोधून काढला. अंबरनाथचे मंदिर पाहण्यास आता लोक जातात, सोपाऱ्याच्या स्तूपाकडे फारसे कोणी फिरकत नाही.

आणखी एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. हडफड्याचे डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा हेही मुंबईत वैद्यकी करीत. चौल आणि वसईच्या पुराणवस्तूंवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला आणि मुंबईच्या उगमाविषयीचा ग्रंथ १९०० साली. या दोहोंच्या मधे, १८७७ साली, त्यांनी स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संहिता संपादून छापली. सारस्वतांच्या गोमंतकातील आगमनाच्या कथेचा हवाला आपण ज्या ग्रंथावरून देतो, तो प्रथम छापून आपल्या हाती देणारा पुरुष गोमंतकीय ख्रिस्ती होता, हे आपल्या तरुण मंडळींना ठाऊक असलेले बरे.

उत्तर साष्टीला सह्याद्रिखंडासारखा पुराणग्रंथ लाभला नाही. तिला लाभली बखर. 'महिकावतीची बखर' म्हणून प्रसिद्ध असलेली ही जुनी संहिता इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली संपादून छापली. तिचा एक भाग शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८, मधला. मालाडचा देसला नायकोराव याला देवीचा दृष्टांत झाला आणि स्वधर्म, कुळे, गोत्रे यांची व्यवस्था विस्कळीत झाली असता ती लिहून ठेवण्यासाठी लोक जमले, असा तिच्यातला प्रसंग आहे. मालाडला उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांना हे माहीत असेल? पोर्तुगीज येण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे साष्टीतल्या लोकांना आपले मागचे पुसले जाईल ही भीती वाटली होती आणि त्यांनी त्यावर कागदाचा उपाय केला होता. आज त्या बेटावरील जुन्या गावांची व कुळांची माहिती जी मिळते, ती पुष्कळशी या बखरीमुळे.

आता बोरिवलीच्याच पूर्वेकडील मागाठाणे. येथे बौद्ध लेण्यांचा एक लहान समूह आहे. कान्हेरीच्या एका शिलालेखात मंगलस्थान येथील शेत संघास दान दिल्याचा उल्लेख येतो, ते हेच मागाठाणे. म्हणजे डोंगरावरील भिक्षूंच्या उदरनिर्वाहाची शेती खाली होती, आणि लेणी व शेत यांचा हा जोड दीड हजार वर्षांहून जुना आहे. कान्हेरीचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात सुरक्षित राहिला. शेताच्या जागी इमारती आल्या आणि मागाठाण्याची लेणी घरांच्या दाटीत चेंगरली. जोगेश्वरीचे प्रशस्त शैव लेणे, जे जाणकार घारापुरीच्याही थोडे आधीचे मानतात, त्याची अवस्था अशीच. माथ्यावर व भोवती वस्ती, आणि पावसाळ्यात आत झिरपणारे पाणी. पण जोगेश्वरीत देवीची पूजा चालू आहे, आणि जेथे दिवा लागतो तेथे निदान केर काढला जातो. मागाठाण्यास दिवा लावणारे कोणी नाही.

अंधेरीच्या मरोळ भागात, सीप्झ नामक निर्यात-उद्योगांच्या कुंपणाआत, एक मोठे चर्च छपराविना उभे आहे. जेझुइट पाद्र्यांनी ते १५७९ साली बांधले. १८४०च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव ओस पडू लागले, तेव्हा लोकांनी चर्चमधील वस्तू उचलल्या आणि मरोळला नवे चर्च उभारून तेथे त्या नेऊन ठेवल्या. कुंपणामुळे एरवी आत जाता येत नाही, पण दरवर्षी मे महिन्यात सणाच्या निमित्ताने त्या गावकऱ्यांचे वंशज या भग्न वास्तूत जमून प्रार्थना करतात. हे वाचून एखाद्या महाजनाला केळशी किंवा कुठ्ठाळी आठवली नाही तर नवल. कारणे निराळी, एकीकडे छळ व दुसरीकडे रोगराई, परंतु देवाचे सामान डोक्यावर घेऊन गाव सोडणे आणि वर्षातून एकदा जुन्या जागी येऊन डोके टेकणे हे दोन्हीकडे सारखेच. मंडपेश्वराचे चर्च झाले म्हणून मरोळच्या चर्चचे भग्नावशेष आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली, आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. याच मोहिमेचा दुसरा हात त्या वर्षाच्या जानेवारीत आपल्या सासष्टीत शिरला होता. व्यंकटराव घोरपडे व दादाजीराव नरगुंदकर यांच्या फौजा मडगावात उतरल्या आणि रायतूरला वेढा पडला. काही महिने दोन्ही साष्ट्या एकाच वेळी मुक्त होण्याच्या उंबरठ्यावर होत्या. शेवटी तह झाला, उत्तरेची साष्टी पेशव्यांकडे राहिली आणि दक्षिणेची पोर्तुगीजांनी राखली. म्हणून अंत्रुजात गेलेले देव परत आले नाहीत. त्यांची नवी मंदिरे मात्र याच काळात थोरावली. कवळे येथील श्री शांतादुर्गेचे मंदिर छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांनी १७३८च्या सुमारास बांधविले, आणि मंगेशीस गावाचे उत्पन्न १७३९ साली रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या शब्दावरून पेशव्यांकडून लागले. उत्तरेत ठाण्याच्या मासुंद्या तलावाकाठचे कौपीनेश्वराचे मंदिर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० साली उभारले. पुढे १७७४ साली इंग्रजांनी ठाणे घेतले आणि साष्टी कायमची मुंबईला जोडली गेली.

मुंबई बेटांत इंग्रजी अंमल आधीच आलेला असल्याने तेथे देवांचे पुनरागमन मराठ्यांच्या विजयापूर्वीच झाले होते. प्रभादेवीची मूर्ती पोर्तुगीज अमदानीत विहिरीत लपविली होती, ती पाठारे प्रभूंनी बाहेर काढून १७१५च्या सुमारास तिचे देऊळ बांधले. परळला तर देवच १९३१ साली जमिनीतून वर आला. रस्त्याचे काम चालू असता सुमारे साडेतीन मीटर उंचीची एक अखंड शिला सापडली. तिच्यावर एकमेकांतून उमलणाऱ्या सात शिवमूर्ती आणि पायथ्याशी वाद्ये वाजविणारे गण कोरलेले आहेत. सहाव्या शतकातील हे शिल्प घारापुरीच्या तोडीचे आहे. वस्तुसंग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे. मूळ शिला बारादेवीच्या देवळात, परळच्या गिरणगावात, राहिली. ती संग्रहालयात न्यावी की देवळात ठेवावी, याबद्दल मतभेद होऊ शकतो. माझा कौल देवळाला.

शेवटचे स्थान वाळकेश्वर. मलबार टेकडीच्या उंच इमारतींमागे पायऱ्या उतरून गेले की बाणगंगेचा तलाव दिसतो. समुद्रापासून इतक्या जवळ असूनही त्याचे पाणी गोडे. रामाने बाण मारून ते काढले आणि वाळूचे लिंग करून पुजले, अशी कथा आहे. शिलाहारकालीन देवालय पोर्तुगीजांच्या काळात नष्ट झाले. १७१५ साली रामा कामती नामक शेणवी व्यापाऱ्याने वाळकेश्वराचे मंदिर पुन्हा बांधविले. हा गृहस्थ कंपनी सरकारच्या मर्जीतला. १७१८च्या नाताळात कोटातील नव्या इंग्रजी चर्चची प्रतिष्ठा झाली, तेव्हा तो आपल्या जातभाईंसह ती उपासना शेवटपर्यंत बाहेर उभा राहून पाहत होता, असे तेथील पाद्र्याने लिहिले आहे. दोनच वर्षांनी, १७२० साली, कान्होजी आंग्र्यांशी फितुरीचा पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून गव्हर्नर बून याने त्याच्यावर खटला भरला. साक्षीदाराचा छळ करून जबानी घेतली गेली. रामा कामतीची मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ साली तो कैदेतच मरण पावला. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट होती, असे पुढे अभ्यासकांनी दाखविले. त्याचे घर गेले, नाव बट्ट्यात गेले, पण मंदिर राहिले.

याच तलावाच्या काठी आपल्या कवळे मठाची मुंबईची शाखा आहे. सासष्टीतले मूळ स्थान सोळाव्या शतकात उद्ध्वस्त झाल्यावर जी गुरुपरंपरा दूर देशी भटकून शेवटी कवळ्यास स्थिरावली, तिच्या काही स्वामींच्या समाध्या येथे आहेत. काशी मठाचेही येथे स्थान आहे. एका साष्टीतून उखडलेली परंपरा दुसऱ्या साष्टीच्या तोंडाशी येऊन विसावली, ती अशी.

बाणगंगा आणि तिच्या काठची देवस्थाने गौड सारस्वत ब्राह्मण टेंपल ट्रस्टच्या व्यवस्थेत आहेत. म्हणजे आपण ज्याला महाजनकी म्हणतो, तिचाच तो मुंबईतला अवतार. आपल्याकडे पोर्तुगीज सरकारने १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली कायदा करून महाजनांची नोंद बांधून दिली. ती नोंद पुष्कळदा भांडणांचे मूळ झाली, हे खरे, पण देवस्थानाचा धनी कोण आणि जाब कोणास विचारावा, हे तिच्यामुळे कागदावर राहिले. २०२४च्या जून महिन्यात बाणगंगेतील गाळ काढण्यासाठी यंत्र तलावात उतरविले गेले आणि पुरातन पायऱ्यांना इजा झाली, तेव्हा त्याचा तत्काळ बोभाटा झाला, पोलिसांत तक्रार झाली आणि पायऱ्या पूर्ववत करण्याचे काम हाती घ्यावे लागले. तेथे बोलणारे कोणी होते. मागाठाण्याच्या लेण्यांची भिंत खचली तर ती बातमी कोण कोणाला देणार?

मुंबईकर महाजनांनी एखादा रविवार काढून सकाळी मंडपेश्वर आणि मागाठाणे पाहावे. दोन्ही बोरिवली स्थानकापासून दूर नाहीत. परळची बारादेवी आणि वाळकेश्वर दुसऱ्या दिवशी होतील. जाताना मुलांना बरोबर न्यावे आणि मंडपेश्वरातील क्रूस व नटराज एकाच दिवशी दोन्ही दाखवावेत.